मनगटावरचं बटण

आपल्या हॉस्पिटलात टाके घालणारी माणसं दोनच, असं टाकेबाई म्हणायच्या. एक तिसऱ्या मजल्यावरचे सर्जनसाहेब, आणि दुसऱ्या म्हणजे तळमजल्यावरच्या आपण. "फरक एवढाच, की त्यांचे टाके आठ दिवसांनी काढावे लागतात. माझे काढायला जा, चादर फाटेल पण टाका निघायचा नाही." हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या जणांना ऐकवलं, की त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं. वॉर्डातल्या सिस्टर, आया, लिफ्टवाला, सगळे त्यांना टाकेबाईच म्हणायचे. घरी नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणायचा.

शिवणखोली लाँड्रीला लागून होती. मधल्या दारातून दिवसभर वाफ यायची, साबणाचा ओलसर वास यायचा, आणि थंडीच्या दिवसांत सगळं हॉस्पिटल कुडकुडत असताना ही एक खोली तेवढी उबदार असायची. त्यामुळे हिवाळा आला की खोलीत येणाऱ्यांची रीघ लागायची. कुणाच्या एप्रनचं बटण तुटलेलं असायचं, कुणाचा खिसा उसवलेला असायचा. "यांचे खिसे थंडीतच बरे उसवतात," असं कातरीबाई तोंडावर म्हणायच्या. कातरीबाई म्हणजे खोलीतल्या दुसऱ्या बाई. कापड बेतायचं आणि कापायचं काम त्यांचं. हातातली कातरी आणि तोंडातली जीभ, दोन्हींना सारखीच धार. टाकेबाईंचं मशीन खिडकीशी आणि कातरीबाईंचं टेबल मधोमध, अशी त्या दोघींनी तीस वर्षं समोरासमोर काढली. भांडल्या भरपूर, पण जेवणाचा डबा कधी वेगळा खाल्ला नाही.

कामाला तोटा नव्हता. पाठीमागे नाड्या असलेले पेशंटचे गाऊन, पोटाच्या ऑपरेशननंतर बांधायचे रुंद पट्टे, थिएटरातल्या हिरव्या चादरी. त्या चादरींच्या मधोमध एक चौकोनी खिडकी ठेवावी लागे. सर्जनला तेवढंच अंग दिसायला हवं. पलंगावरच्या चादरी नेहमी मधूनच विरतात, कारण माणूस मध्ये झोपतो. मग ती चादर उभी कापायची, कडेचा भाग मध्ये घ्यायचा, विरलेला भाग कडेला टाकायचा आणि मधोमध सपाट टीप मारायची. चादर आणखी दोन वर्षं चालायची. टीप जराही जाड झाली तर ती पेशंटच्या पाठीला टोचायची. टाकेबाईंची टीप कधी कुणाला टोचली नाही, आणि याचा त्यांना सर्जनसाहेबांपेक्षा तसूभरही कमी अभिमान नव्हता.

त्या बाविसाव्या वर्षी दोन वर्षांपुरत्या म्हणून लागल्या होत्या. अडतिसाव्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. गेल्या म्हणजे नेल्या गेल्या, स्ट्रेचरवरून, अंगात स्वतःच शिवलेला गाऊन. भूल चढताना त्यांनी त्या गाऊनच्या नाडीकडे बघितलं आणि ही नाडी आपण जरा आखूड ठेवली, असं त्यांच्या मनात आलं. पुढचं काही आठवत नाही.

त्या काळी पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली चांगला वीतभर काप. दुखणार हे त्यांना माहीत होतं. मळमळीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. शुद्ध आली ती मळमळ बरोबर घेऊनच. छत गरगरत होतं, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि पोटात काही नसतानाही उमासा यायचा तो कापासकट सगळं पोट ओढत यायचा. शिवण ओढली की काय होतं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक उमाशाला त्या दोन्ही हातांनी पोट धरायच्या आणि मनात म्हणायच्या, गेली, आता गेली, आता उसवली.

नवरा शेजारी ट्रे धरून उभा होता. माणूस अतिशय प्रेमळ, पण पोटाचा कच्चा. तिसऱ्या उमाशाला बायकोच्या आधी त्यालाच उलटी आली आणि तो तोंडावर हात धरून बाहेर पळाला. दारात मोठ्या सिस्टर येत होत्या. "एक पेशंट कमी होता म्हणून तुम्ही पण?" असं म्हणत त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि आत आल्या.

मोठ्या सिस्टर मोठ्या होत्या त्या नोकरीच्या वर्षांनी. उंचीने त्या टाकेबाईंच्या खांद्याला लागायच्या. स्टूल ओढून त्या पलंगाला टेकून बसल्या आणि टाकेबाईंचा सलाइन नसलेला हात उताणा घेतला.

"मूठ वळ."

"सिस्टर, मला..."

"ओकायचं आहे, कळतंय. मूठ वळ."

मूठ वळल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला दोन दोऱ्या वर आल्या. मनगटावरच्या आडव्या रेघेपासून कोपराकडे तीन बोटं मोजून, त्या दोन दोऱ्यांच्या मधल्या खोबणीत सिस्टरनी अंगठा टेकला आणि दाबला. दुखेल न दुखेल इतपत. मग त्या अंगठा सावकाश गोल फिरवत राहिल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या, जणू काही बसची वाट बघतायत.

मळमळ एकदम गेली नाही. पण घशाशी आलेली ती थोड्या वेळाने छातीपर्यंत उतरली, मग पोटात जाऊन बसली आणि तिथेच गप्प राहिली. टाकेबाईंनी कितीतरी वेळाने नीट श्वास घेतला.

"हे कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"एक म्हातारा पेशंट होता. जन्मभर जहाजावर स्वयंपाक केलेला. बोट डोलायला लागली की निम्मी माणसं आडवी व्हायची, मग हा स्वयंपाकघर सोडून त्यांची मनगटं दाबत फिरायचा. मला म्हणाला, जमीन डोलत नाही असं तुम्हाला वाटतं, भुलेतून उठणाऱ्याला विचारा."

टाकेबाईंना हसू आलं आणि हसल्यामुळे कळ आली. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून हाक आली. सिस्टर उठल्या, अंगठा उचलला गेला, आणि पाच मिनिटांत मळमळ पुन्हा घशाशी. नवऱ्याला आत बोलावून जागा दाखवली. त्याने बिचाऱ्याने जीव तोडून दाबलं, इतकं की मनगटावर वळ उठला. सिस्टर तासाभरात तीनदा आल्या. प्रत्येक वेळी त्या आल्या की बरं वाटायचं आणि गेल्या की ढवळायचं. त्या येण्याजाण्याकडे बघत पडल्या पडल्या टाकेबाईंच्या मनात आलं, की दाबायचंच आहे ना, मग दाबणारी गोष्ट शिवता येईल.

सहा आठवड्यांनी त्या कामावर रुजू झाल्या, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत थिएटरच्या टोपीला लावायचं इलॅस्टिक काढून बसल्या.

"काय गं, हाताला पट्टा कसला? घड्याळ शिवतेस की काय?" कातरीबाईंनी विचारलं.

टाकेबाईंनी सांगितलं. कातरीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खड्यांबरोबर डॉक्टरांनी आणखी काय काय काढलं तुझं?"

पण मदतीला पहिल्या दिवसापासून त्याच होत्या. शर्टाचं चपटं बटण लावलं तर ते नुसतं टेकायचं, दाबायचं नाही. एकावर एक दोन बटणं लावली तर ती सरकायची. लाकडी मणी लावला. तो छान दाबायचा, पण लाँड्रीच्या उकळत्या पाण्यात दोनदा गेला आणि तडकला. शेवटी कातरीबाईंनी घरच्या एका जुन्या जाड कोटाची बटणं आणून टेबलावर ओतली. मोठी, काळी, घुमटासारखी फुगीर, दगडासारखी टणक. त्यांतलं एक टाकेबाईंनी मऊ कापडाने मढवलं, उलटं करून पट्टीला पक्कं शिवलं आणि पट्टीला आकड्यासाठी तीन फास ठेवले, म्हणजे बारीक, मध्यम, जाड, कुठल्याही मनगटाला बसावी.

आता ती लावून कुणाला बघायची? टाकेबाईंना मळमळ राहिली नव्हती. आणि कातरीबाईंना बस लागायची. रोज संध्याकाळी बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळवण्यासाठी त्या अनोळखी माणसांशी कचाकचा भांडायच्या. जागा नाही मिळाली तर अर्ध्या वाटेत उतरून रस्त्याच्या कडेला बसायच्या. त्या संध्याकाळी दोन्ही मनगटांवर पट्ट्या बांधून त्या बसमध्ये चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेबाई त्यांच्याआधी येऊन बसल्या होत्या.

"काय झालं?"

कातरीबाईंनी पर्स खुंटीला अडकवली, कातरी पुसली, टेबल झटकलं. मग म्हणाल्या, "आजवर मी त्या बसमधून फक्त खिडकीबाहेर बघितलं होतं. काल आतली माणसं पण बघितली. काय एकेक नमुने असतात गं!"

मोठ्या सिस्टरनी पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली, स्वतःच्या मनगटावर बांधून दिवसभर वापरली आणि चार आणखी शिवायला सांगितल्या. तोवर सगळं गुपचूप चाललं होतं. गुपित फुटलं ते अपेंडिक्सच्या एका पेशंटमुळे. शाळेत शिकवणारी तरुण मुलगी, काडीसारखी. मोठ्या सिस्टरना त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून टाकेबाईंनी स्वतः वर जाऊन, स्वतःची तीन बोटं मोजून पट्टी बांधली आणि तिथेच थांबल्या. मुलीला दुपारभर उलट्या होत राहिल्या, आणि नेमके तेव्हाच भूल देणारे डॉक्टर फेरीवर आले.

"हा गंडादोरा कुणी बांधला?"

टाकेबाईंची पाचावर धारण बसली. हॉस्पिटलात शिवणखोलीच्या बाईने पेशंटला हात लावायचा नसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण लपवणार कुठे? मढवलेलं बटण त्यांच्या हातचं आहे, हे आंधळ्याने सांगितलं असतं. त्यांनी पुढे होऊन सगळं सांगितलं: आपलं ऑपरेशन, सिस्टरचा अंगठा, जहाजावरचा स्वयंपाकी, कातरीबाईंची बस. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. बसचं ऐकताना आठ्या जरा सैल झाल्या.

"कुठे बांधायची म्हणालात?"

"मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं."

"कुणाची बोटं?"

"माझी."

"आणि मनगट?"

"हिचं."

डॉक्टरांनी त्या मुलीचा दुसरा हात उचलला, तिचीच तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. टाकेबाईंच्या खुणेपेक्षा ती जागा चांगली बोटभर खाली आली, हाताच्या पंज्याकडे. "तुमची बोटं शिवून शिवून केळ्यासारखी झाली आहेत," डॉक्टर म्हणाले. "ज्याचं मनगट, त्याची बोटं. एवढं तरी बघायचं होतं. आयुष्यभर मापं घेताय ना?"

टाकेबाईंना भर वॉर्डात तोंडात मारल्यासारखं झालं. दुसरं कुणी काही बोललं असतं तर त्यांनी परतवलं असतं, पण मापावरून बोलणं त्यांना आजवर कुणाकडून खावं लागलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी योग्य जागी सरकवली आणि त्याबरोबर उलटीवरचं आपलं इंजेक्शनही द्यायला सांगितलं. मुलगी संध्याकाळी शांत झोपली. पट्टीने की इंजेक्शनने, कोण जाणे. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "हे मी कुठेतरी वाचलं होतं. खरं वाटलं नव्हतं. बघू या."

बघू या म्हणजे त्यांनी खरंच बघितलं. तीन महिने थिएटरबाहेर एक वही लटकवून ठेवली. पट्टी असलेले इतके, नसलेले इतके, कुणाला उलटी झाली, कुणाला नाही. इंजेक्शन सगळ्यांना चालूच होतं. तीन महिन्यांनी ते वही घेऊन स्वतः शिवणखोलीत आले. उन्हाळा होता, त्यामुळे ऊब घ्यायला आले असं कातरीबाईंनाही म्हणता येईना.

"चमत्कार वगैरे काही नाही," ते म्हणाले. "दहापैकी चार जणांना त्रास व्हायचा, तिथे तीन जणांना होतो. पण या गोष्टीने कुणाचं वाकडं होत नाही. शिवत राहा. फक्त सैल शिवा."

सैल शिवायचं कारण घडलं होतं. मधल्या काळात एका आजोबांच्या हातावर कुणीतरी सगळ्यात आखूड फास लावला आणि पट्टी काढायची राहून गेली. सकाळच्या फेरीत पंजा सुजलेला आणि बटणाच्या जागी निळा डाग. दोन दिवसांत हात पूर्ववत झाला, आजोबा हसत घरी गेले, पण टाकेबाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग त्यांनी कानाला खडा लावला. पट्टीखाली एक बोट सहज जायलाच हवं, आणि दर दोन तासांनी पट्टी सोडून हात मोकळा करायचा, असं त्यांनी प्रत्येक पट्टीच्या आत कापडी चिठ्ठीवर निळ्या दोऱ्याने भरून शिवलं. अक्षरं एवढीशी, पण वाचता येत.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे टाकेबाईंच्या आयुष्याचा सुकाळ. पट्ट्या वर जायच्या, उकळून खाली यायच्या, पुन्हा मढवल्या जायच्या. बायकांच्या वॉर्डाला फिकट पिवळ्या, पुरुषांच्या वॉर्डाला करड्या, लहान मुलांना ठिपक्यांच्या. एका सहा वर्षांच्या मुलीने टॉन्सिल काढल्यावर ठिपक्यांची पट्टी परत द्यायला साफ नकार दिला. मेट्रनबाईंनी कळवलं की एक पट्टी कमी भरते. कातरीबाईंनी वर निरोप पाठवला: "धुण्यात आटली म्हणून लिहा."

आणि याच सुखाच्या दिवसांत एकदा चहाच्या वेळी मोठ्या सिस्टर खाली आल्या आणि शिवणखोलीतल्या उंच स्टुलावर चढून बसल्या. मग म्हणाल्या, "रागावणार नसशील तर एक बोलते."

"बोला की."

"तू माझं बसणं काढून घेतलंस."

टाकेबाईंना अर्थबोध होईना.

"पूर्वी कुणाला ढवळलं की मी जाऊन मनगट धरून बसायचे," सिस्टर म्हणाल्या. "दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तेवढ्यात तो माणूस काहीबाही बोलायचा. घरी गाय आहे का मांजर आहे, मुलगी परीक्षेला बसली आहे, उगाच काहीतरी. आता मनगटावर बटण असतं. आमच्या पोरी बटण बांधतात आणि टेबलावर जाऊन लिहीत बसतात. आणि मी कुठल्या तोंडाने बोलू? मलाही वर सांगतात, सिस्टर, पट्टी आहे ना, तुम्ही हे कागद बघा. आठ पलंग, आठ पट्ट्या, आणि आठही जण छताकडे बघत पडलेले."

"मग बंद करू पट्ट्या?"

"वेडी की काय! त्यांची मळमळ थांबते, ते कशाला बंद करतेस? मी आपलं सांगितलं. कुणाला तरी सांगायचं होतं."

चहा पिऊन त्या गेल्या. टाकेबाईंनी मशीनचं चाक धरलं, पण पाय काही पायट्यावर पडेना. त्यांना वाटलं होतं की आपण सिस्टरचा अंगठा मोकळा केला.

दुसऱ्या दिवसापासून रोज अडीच वाजता त्या हातात टेप घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला लागल्या. विचारलं तर सांगायचं, माप घ्यायला आले. टेपने मनगटाचं माप घ्यायला किती वेळ लागतो? पण टाकेबाईंना पाऊण तास लागायचा. पट्टी सोडून हात मोकळा करायचा, ती दोन तासांची वेळ त्यांनी स्वतःकडे घेतली. पट्टी काढली की तेवढी दहा मिनिटं अंगठा. शिकलेल्या होत्याच, आता माणसामागून माणूस तो अंगठा तयार होत गेला. कुणाला किती दाब सोसतो हे त्यांना चेहऱ्यावरून कळायला लागलं. मेट्रनबाईंनी एकदा दारात उभं राहून बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि आल्या तशा गेल्या. त्यानंतर टाकेबाईंनी जिना चढताना इकडेतिकडे बघायचं सोडून दिलं.

काय काय ऐकलं त्यांनी त्या स्टुलावर! भुलेच्या गुंगीत माणसाच्या तोंडाला झाकण नसतं. एका कडक मुख्याध्यापकांनी सांगितलं, की भागाकार त्यांना आजही जमत नाही, आणि हे शाळेत कळवू नका. एक सुतार टाकेबाईंना आपली आत्या समजला आणि लहानपणी पाडलेल्या बरणीबद्दल त्याने माफी मागितली. टाकेबाईंनी आत्या होऊन माफी देऊन टाकली. एक म्हाताऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसती पकड घट्ट करत राहिल्या, आणि टाकेबाई उठायला लागल्या तेव्हा म्हणाल्या, "झालं माप?" "अजून थोडं राहिलंय," म्हणून त्या परत बसल्या.

खाली आल्यावर त्यातलं निम्मं कातरीबाईंना सांगायच्या, निम्मं नाही. कातरीबाई तेवढा वेळ त्यांच्या वाटणीच्या चादरी बेतून ठेवायच्या, वर ऐकवायच्या, "आल्या डॉक्टरीणबाई!"

मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन भाचीकडे दूरच्या गावी गेल्या. दोघींची पत्रं चालायची, त्यात एकदा भाचीचं अक्षर आलं. सिस्टर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. टाकेबाईंनी चार दिवसांची रजा टाकली आणि पाच तासांचा प्रवास करून गेल्या. तिथलं हॉस्पिटल लहानसं, अनोळखी. ऑपरेशन झाल्यावर भाची औषधं आणायला गेली आणि टाकेबाई स्टूल ओढून बसल्या. सिस्टरचं मनगट इतकं बारीक झालं होतं की दोन दोऱ्या मूठ न वळताच दिसत होत्या. त्यांनी सिस्टरचीच तीन बोटं ठेवून माप घेतलं आणि अंगठा टेकला.

बऱ्याच वेळाने सिस्टरनी डोळे उघडले. "कोण?"

"मी. टाके."

"पट्टी बांधली नाहीस?"

"आणली आहे. पर्समध्ये आहे."

"मग?"

"बसलेय ना मी."

सिस्टरनी आपल्या मनगटाकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाल्या, "जरा वर घे. आणि दाब कमी कर, मी काय चादर आहे?"

सिस्टरना त्या दुपारी दोनदा उलटी झालीच. टाकेबाईंनी ट्रे धरला, तोंड पुसलं आणि पुन्हा मनगट घेतलं. संध्याकाळी भाची म्हणाली, "तुम्ही आता उठा, हात आखडला असेल." आखडला होताच. पण उठायच्या वेळी सिस्टर झोपेत होत्या आणि टाकेबाईंचा अंगठा त्यांनीच दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, म्हणून टाकेबाई आणखी बसल्या. चौथ्या दिवशी सिस्टर वॉकर धरून चार पावलं चालल्या आणि नर्सने बिछाना नीट घातला नाही म्हणून तिला बोलल्या. तेव्हा टाकेबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या परतीच्या गाडीत बसल्या. सिस्टर त्यानंतर सहा वर्षं जगल्या.

शिवणखोली बंद झाली ती हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता. आधी थिएटरच्या चादरी कागदी झाल्या, एकदा वापरून फेकायच्या. मग गाऊन बाहेरून शिवून यायला लागले. मग धुणंही बाहेर गेलं आणि मधल्या दारातून येणारी वाफ थांबली. त्या हिवाळ्यात शिवणखोली पहिल्यांदाच बाकीच्या हॉस्पिटलाइतकी गार पडली, आणि कुणाचाही खिसा उसवला नाही. मनगटाच्या पट्ट्याही तयार पाकिटातून मिळायला लागल्या. त्यांतली एक टाकेबाईंनी बोटांनी दाबून बघितली, ताणून बघितली. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि ती खरंच चांगली होती. शेवटच्या दिवशी कातरीबाईंनी टेबलाच्या खणातला सगळा दोरा रंगवार लावून ठेवला. कुणासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आता टाकेबाई लेकीकडे असतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गुडघे बोलतात, सुईत दोरा ओवायला नात लागते. दर रविवारी सकाळी दहा वाजता कातरीबाईंचा फोन येतो. बस अजून लागते का, हे विचारून झालं की बोलणं फिरून फिरून त्या खोलीवर येतं. कुठल्या खिळ्याला टेप टांगलेला असायचा, मुख्याध्यापकांना घ्यायला कोण आलं होतं, लाँड्रीतला तो उंच माणूस कसा गायचा. बहुतेक गोष्टी दोघींना सारख्याच आठवतात. एकच भांडण काही केल्या मिटत नाही. टाकेबाई म्हणतात खोलीच्या भिंती फिकट हिरव्या होत्या, कातरीबाई म्हणतात बदामी.

"तीस वर्षं मी त्या भिंतीकडे तोंड करून बसले," टाकेबाई म्हणतात.

"तू खिडकीकडे तोंड करून बसायचीस. भिंत माझ्या समोर होती."

"तुझ्या समोर मी होते!"

दोन वर्षांपूर्वी लेकीला डॉक्टरकडे न्यायचं निमित्त करून टाकेबाई तिथे बघायलाही गेल्या होत्या. खोलीत आता एक्स-रेचं मशीन आहे, आणि बाहेर लाल दिवा लागलेला होता. दार उघडेपर्यंत त्या बाकावर थांबल्या. उघडलं तेव्हा आतल्या भिंती पांढऱ्या स्वच्छ दिसल्या. घरी येऊन त्यांनी कातरीबाईंना फोन लावला आणि सांगितलं, की कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघाला आहे आणि खालून हिरवा दिसतो.

"खोटं," पलीकडून कातरीबाई म्हणाल्या.

"खोटं तर खोटं," टाकेबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की लेक आतून बघायला आली.